विंडोज १० चा सपोर्ट संपला: जुना कॉम्प्युटर लिनक्सवर न्यावा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. तेव्हापासून लातूर-नांदेडच्या दुकानांपासून हिंगोलीकडच्या एखाद्या छोट्या सेतू केंद्रापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: कॉम्प्युटर तर नीट चालतोय, मग 'हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही' असं का दाखवतोय? दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. पुण्यात आयटीत असलेला भाचा फोनवर म्हणतो, लिनक्स टाका, फुकट आहे. दोघंही अर्धंच सांगतात.

कॉम्प्युटर बंद पडणार नाही, मग अडचण काय?

कॉम्प्युटर सुरू होताच कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर, फाइली या सगळ्यांना कामाला लावणारी मूळ व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. पुढे तिला नुसतं 'सिस्टिम' म्हणू.

कुठल्याही सिस्टिममध्ये चुका राहून जातात आणि त्यातल्या काहींमधून परका माणूस आत शिरू शकतो. अशी चूक सापडली की तिची दुरुस्ती पाठवली जाते, तोच अपडेट. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरमधल्या फाइलींना कुलूप घातलं आणि खंडणी मागितली. त्या चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती तेच मुख्यतः सापडले. विंडोज १० वर आता नव्या चुकांची दुरुस्ती आपोआप येणार नाही, एवढाच बदल झालाय. पण तो लहान नाही, विशेषतः ज्या मशीनवर बँकेची कामं होतात तिथे.

घाईचं कारण मात्र नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. बाकी काही ठरवायच्या आधी हे करून घ्या.

विंडोज ११ ची अट कुठे अडते तेही पाहा. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. 'आय५-४५७०' असं लिहिलं असेल तर ४ म्हणजे चौथी पिढी, तिथे विषय संपला. 'आय५-८४००' असेल तर बसतं. दुसरी अट टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. आठव्या-नवव्या पिढीच्या पुष्कळ मशीनमध्ये ती असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने ती चालू करता येते. पाच मिनिटांच्या या कामासाठी नवा कॉम्प्युटर गळ्यात मारला जाऊ शकतो, म्हणून मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम आधी स्वतः चालवावा.

अटी चुकवून विंडोज ११ बसवायचे जुगाड यूट्यूबवर भरपूर आहेत आणि ते चालतातही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि पुढची मोठी आवृत्ती आली की तोच जुगाड पुन्हा करावा लागतो.

विंडोज आणि लिनक्समध्ये मूळ फरक कोणता?

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जो मजकूर लिहितो तो सोर्स कोड. त्यावरून तयार झालेला चालता प्रोग्रॅम आपल्या हाती येतो. विंडोजमध्ये हा कोड कंपनीकडेच राहतो. आपल्याला मिळतो तो ठराविक अटींवर वापरायचा परवाना. लिनक्समध्ये कोड सगळ्यांसाठी खुला असतो. वापरा, उघडून पाहा, बदला, शेजाऱ्याला द्या.

शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. बीटी कपाशीचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कारण संकरित वाणाची सरकी ठेवून पेरली तर पीक तसं येत नाही. सोयाबीन सरळ वाणाचं, म्हणून घरचं बियाणं राखता येतं, भावकीत देता येतं. मात्र घरचं बियाणं फुकट आहे म्हणून डोळे झाकून कुणी पेरत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो, ७० च्या वर उगवले तरच तिफणीला हात लावतो. लिनक्सलाही अशी उगवण तपासणी आहे, ती पुढे येईल.

लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर वगैरे जोडून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही त्यातली काही नावं. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचं 'बॉस' हे भारतीय डिस्ट्रोही २००७ पासून आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले ५०० महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात. त्यामुळे 'फुकटचं ते हलकंच असणार' या शंकेवर जास्त शाई घालवत नाही. ते लिहिणारे बहुतेक जण इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत. खुद्द मायक्रोसॉफ्टचेही आहेत.

खरं सांगायचं तर फुकटपणाचा मुद्दा आपल्याकडे चालत नाही

लिनक्सचे कैवारी पहिलं वाक्य 'पैसे वाचतात' हे बोलतात. युरोपात ते पटेल. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी फॉरमॅट मारून विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप असं सगळं एकाच मजुरीत टाकून मिळतं. ज्याने विंडोज कधी विकत घेतलंच नाही त्याला फुकटचं आमिष काय दाखवणार?

मुद्दा त्या चोरीच्या प्रतीचा आहे. ती चालू करण्यासाठी जो 'ॲक्टिव्हेटर' चालवतात तो पहिली अट घालतो ती अँटिव्हायरस बंद करण्याची. एका अनोळखी प्रोग्रॅमला मशीनचे सगळे अधिकार देऊन, पहारेकऱ्याला बाहेर काढून, त्याच मशीनवर नंतर गावकऱ्यांची आधार कार्डं स्कॅन करायची. पुढे अपडेट आला की ॲक्टिव्हेशन उडेल या भीतीने अपडेटही बंद करून ठेवतात. म्हणजे अशा मशीनचा सपोर्ट २०२५ मध्ये संपलेला नाही, तो पहिल्याच दिवशी संपला होता. लिनक्सचा पहिला फायदा माझ्या मते हा: कुलूप फोडावं लागत नाही, म्हणून अपडेट बंद ठेवावे लागत नाहीत.

दुसरा फायदा ताब्याचा. जुलै २०२५ मध्ये गुजरातेत वाडीनारला रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीच्या ईमेलसारख्या सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपच्या निर्बंधांचं कारण देऊन थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा सुरू झाल्या. तो प्रश्न सिस्टिमचा नव्हता, ऑनलाइन सेवेचा होता. आपल्या ग्रामपंचायतीवर असा प्रसंग ओढवेल असंही नाही. पण परवाना वापरायचा मिळतो, मालकीचा नाही, हे तिथे उघड दिसलं.

कोड उघडा ठेवला तर चोरांचं फावणार नाही का?

शंका रास्त आहे, आणि २०२४ मध्ये तसं जवळजवळ झालंही. 'एक्सझेड' नावाचा फाइली दाबून लहान करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिनक्समध्ये सगळीकडे वापरला जातो. एका टोपणनावाच्या माणसाने दोन-अडीच वर्षं मदत करून तो सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने कोड उघडून तपासला आणि बिंग फुटलं. तोवर तो चोरदरवाजा मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. योगायोग असा की फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्येच कामाला.

यातून दोन्ही बाजूंना हवं ते काढता येतं. उघडा कोड कुणी पाहतच नसेल तर उघडेपणाचा उपयोग शून्य. पण पाहायचं ठरवलं तर पाहता येतो, त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. बंद कोडमध्येही सगळं आलबेल नसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकवल्या, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले.

टॅली, अंगठा आणि प्रिंटर: गाडी अडते ती इथे

वाद सिस्टिमवरून घालतात, पण निर्णय होतो तो मशीनला काय जोडलंय यावर.

मोंढ्यातल्या अडत दुकानात टॅली चालत असेल तर त्या मशीनला हात लावू नका. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या 'वाइन' नावाच्या थरावरून ते लिनक्सवर चालवून दाखवणारे भेटतील, पण जीएसटीआर-३बी भरायच्या २० तारखेला अडकलं तर टॅलीवाले हात वर करतील. आधारच्या अंगठा यंत्रांना लागणारी आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठ्याचा ठसा सुरक्षितपणे पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, हीही कंपन्या साधारणपणे विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. म्हणजे सेतू केंद्रातलं अंगठ्याचं मशीन विंडोजवरच ठेवा. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सला ओळखू येतं पुष्कळदा, पण सही उमटवणारा पोर्टलचा छोटा प्रोग्रॅम लिनक्ससाठी आहे का, ते त्या पोर्टलच्या डाउनलोड पानावर आधी बघावं. एक्सेलमधल्या मॅक्रोवर, म्हणजे ठराविक कामं आपोआप करणाऱ्या आज्ञांवर, पगारपत्रक चालत असेल तर तेही लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचात जसंच्या तसं चालेल या भरवशावर राहू नये.

प्रिंटरचं तर मॉडेलनुसार बदलतं. एप्सनच्या टाकीवाल्या एल मालिकेतले बहुतेक प्रिंटर जोडल्याबरोबर किंवा एका ड्रायव्हरवर (प्रिंटरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) चालतात. एचपी लेझरजेट १०२० हा जुना घोडा स्वतःच्या पोटात प्रोग्रॅम ठेवत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने तो पाठवावा लागतो. लिनक्समध्ये त्यासाठी एचपीचं वेगळं प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) उतरवावं लागतं. पुढे एचपीचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि प्लगइन जुनंच राहिलं की प्रिंटर गप्प बसतो. लोकांना वाटतं प्रिंटर गेला. नव्या आवृत्तीचं प्लगइन घातलं की चालू. कॅननचा एलबीपी २९०० झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसतो, आणि लिनक्सवर सगळ्यात जास्त छळतो तोही हाच. कॅननचा त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुनाट आहे, चालता चालता मध्येच थांबतो. दुकानाचं पोट त्यावर असेल तर नादी लागू नका.

याउलट महाडीबीटीचे अर्ज, सातबारा, बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. त्याला खाली विंडोज आहे की लिनक्स याचं काही देणंघेणं नसतं.

मराठीचं काय?

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक फजिती इथेच होते.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण फाइलीत इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवलेले असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो, मग सिस्टिम कुठलीही असो. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला जगभर एकच आकडा आहे. पतसंस्थेचं किंवा छापखान्याचं वीस वर्षांचं काम जुन्या फॉन्टमध्ये पडलं असेल तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये 'वि' ची वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा. तो जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर चुकला की 'कर्ज' आणि 'खर्च' यांतला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. नावांच्या यादीत हे महागात पडतं.

युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्रही बिनधोक नाही. वर्डमध्ये मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये लिहिलेलं पत्र लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडलं की ते फॉन्ट तिथे नसतात. त्याऐवजी लोहित किंवा नोटो येतो, त्यांची रुंदी वेगळी, ओळी सरकतात आणि सरपंचांची सही दुसऱ्या पानावर जाते. इंग्रजीत हा त्रास कमी, कारण कॅलिब्रीच्याच मापाचा कार्लिटो फॉन्ट लिनक्समध्ये मिळतो. मंगलला असा जुळा भाऊ नाही. उपाय: दोन्ही मशीनवर 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' असा एकच मोफत फॉन्ट टाकून त्यातच लिहा, आणि बाहेर पाठवताना पीडीएफ करा.

टायपिंगला अडचण नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण लेआउट मिळतो, 'मराठी कागापा' हा उच्चाराप्रमाणे चालणारा लेआउटही मिळतो. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र परीक्षा केंद्रावर जी व्यवस्था असेल तिच्यावरच हात बसवावा.

मुलांना नोकरीत विंडोजच लागेल ना?

लागेल. पण सातवीतलं पोरगं नोकरीला लागेपर्यंत विंडोजही आजचं राहणार नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अडचण वेगळीच आहे: मशीन बिघडली तर तालुक्याला लिनक्स येणारा कोण? दहा मशीन बदलण्याआधी एका दुरुस्तीवाल्याला किंवा उत्साही गुरुजींना ते शिकवा. नाहीतर पहिल्याच बिघाडाला कुणीतरी फॉरमॅट मारून जुनी चोरीची प्रत परत टाकेल.

आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टिम नंतर

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ च्या सुमारास विंडोज सोडायचं ठरवलं, २०१३ पर्यंत १४ हजारांहून जास्त मशीन लिनक्सवर नेल्या आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. राजकारण होतं, पण फाइलींची देवाणघेवाण आणि विंडोजवरच चालणारे प्रोग्रॅम हेही दुखणं होतं. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस हा मोफत ऑफिस-संच आणला, मग फायरफॉक्स, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून उबुंटू. ते अजून त्यावर आहेत.

म्हणून विंडोज असतानाच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी टाका. तीन-चार महिने त्यांवरच काम करा. कुठे अडतं ते कागदावर लिहा. यादी कोरी राहिली तर पुढे जा.

टाकायचंच ठरलं तर

जुन्या मशीनला लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तिला किमान २ जीबी रॅम चालते, पण ४ जीबीत क्रोमच्या आठ-दहा टॅब उघडल्या की कुठलीही सिस्टिम धापा टाकते. शक्य असेल तर रॅम ८ जीबी करा आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. सिस्टिम बदलण्यापेक्षा एकट्या एसएसडीने जास्त फरक पडतो.

सुमारे ३ जीबीची फाइल उतरवायची, रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. मशीन सुरू करताना डेल किंवा लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. आता मिंट डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालतं. हीच ती उगवण तपासणी. वायफाय, आवाज, प्रिंट, प्रोजेक्टर, मराठी टायपिंग, रोजची पाच पोर्टलं: सगळं दोन दिवस इथेच करून पाहा. पेनड्राइव्हवरून ते हळू चालेल, ते मनावर घेऊ नका.

बसवताना सगळ्यात मोठा घात होतो तो 'डी ड्राइव्ह'च्या समजुतीने. विंडोजवाले फॉरमॅट मारतात तेव्हा सी जातो, डी राहतो. मिंटमधला 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय अख्खी डिस्क पुसतो, डी सकट, त्यातल्या लग्नाच्या फोटोंसकट. म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवा, डी वर नव्हे. विंडोजही ठेवायचं असेल तर 'विंडोजच्या शेजारी बसवा' निवडून मिंटला ५० जीबी द्या. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता झोपून राहतं आणि लिनक्समधून डी वर काही लिहिता येत नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आणि डिस्कचे भाग पाडायचं काम चालू असताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. भारनियमनाची वेळ पाहून, यूपीएस किंवा भरलेली बॅटरी असेल तरच सुरुवात करा.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या की पहिल्याच दिवशी घड्याळ गंडतं. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. त्यामुळे सकाळी दहाला विंडोज उघडलं की साडेचार वाजलेले दिसतात. मशीनचा सेल गेला समजून तो बदलू नका. लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला एकदा सांगितलं की प्रश्न मिटतो.

टॅलीसाठी किंवा अंगठ्यासाठी एक विंडोज मशीन ठेवावीच लागली तर ती विंडोज ११ ची आणि पक्क्या परवान्याची ठेवा. नुसत्या टॅलीची विंडोज १० वरची जुनी मशीन असेल तर तिची इंटरनेटची केबल काढून ठेवा. रिटर्नची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवरून भरा आणि तो पेनड्राइव्ह त्या दोन मशीनखेरीज कुणालाही देऊ नका, झेरॉक्सच्या दुकानातही नाही.